पासंग

तराजू हवाय, एवढंच म्हणाली यास्ना.
पायऱ्या चढून धापा टाकत आली होती,
कोपरापर्यंत माती, केसांत बंदरावरचं धुकं.
मी म्हटलं, तराजू एकटा कुठे जात नाही,
त्याच्यासोबत मी येणार.
दुकान मिटून सहा वर्षं झाली होती.
खाली सुपरमार्केट उजळलं
आणि वाल्पाराइसोच्या या टेकडीवरची
एक पाटी कमी झाली, इतकंच.

वणव्यात बारा घरं गेली त्या उतारावर
आता पालेभाजीचे वाफे आहेत,
जळक्या लोखंडी पलंगावर चढवलेला भोपळ्याचा वेल.
शनिवारी लिमाचेहून रोसाल्बाचा ट्रक येतो.
भाव ती सांगते
आणि घासाघीस कोणी करत नाही.
मला हसू आलं.
मी तर घासाघिशीवरच म्हातारा झालो.

वहीत पैशांच्या आधी दुसराच रकाना:
घरात तोंडं किती.
ज्याच्याकडे आहे तो थोडे जास्त पैसे ठेवतो,
ज्याच्याकडे नाही तो वाफ्यात दोन तास खपतो,
आणि ज्याला तेही जमत नाही
त्याचं नाव मोठ्यानं वाचत नाहीत.
निबाल्दो, तुमची तोंडं किती?
मी म्हटलं, मी घ्यायला नाही आलो,
तराजूसोबत आलोय.

दिवसभर मापत राहिलो.
कुत्री आली, पोरं आली, एक जण लग्नाच्या कोटात आला,
दुसरा कोट नव्हता म्हणून.
शेवटी ताडपत्रीवर बटाटे उरले, चांगले तीन किलो.
यास्नाने टाळ्या वाजवल्या:
आलं त्याहून जास्त निघालं!
घाला उद्याच्या सामायिक पातेल्यात!
ती हिशेबाची कच्ची.
साठ मापं, दर मापामागे पन्नास ग्रॅम.
मी पक्का.

रात्री पारडं उलटं केलं.
होता तिथेच, मेणात रुतलेला,
शिशाचा चपटा तुकडा,
बापाने चिकटवलेला, मी कधी न काढलेला.
इतकी वर्षं अंगठाही लावावा लागला नाही कधी,
मापातलं पाप आपलं आपण चालत होतं,
मी भल्या माणसासारखा हात मागे बांधून उभा.
भाकरी कापायच्या सुरीने खरवडला.
खाली पितळ लख्ख निघालं,
जखमेवरची खपली काढावी तसं गुलाबी.

पुढच्या शनिवारी काही उरलं नाही.
यास्ना ताडपत्रीकडे बघत राहिली,
जसं काही चिमणी येऊन बसायची जागा.
या वेळी नाही उरलं, म्हणाली.
नाही, मी म्हणालो,
आणि पुढे काय बोलावं ते सुचेना.

रांगेत एर्मेलिंदा होती.
एकतीस वर्षं माझं गिऱ्हाईक,
चार पोरं माझ्या उधारीवर वाढवलेली.
तिच्या तळहातावर तो तुकडा ठेवला.
तिने तो जिभेला लावेल की काय असा पाहिला,
वजन घेतलं.
माहीत होतं, म्हणाली.
घरी गेले की घेवड्याचे दाणे मोजायचे मी, किती वेळा.
मग बोलली का नाहीस?
बोलून उधारी कुणी दिली असती?
मी पण दर वेळी निघताना
तुझ्या दारातली लसणाची एक गड्डी उचलायचे.
एप्रनच्या खिशात. एकतीस वर्षं.
तरी तुझ्याकडे माझं थोडं येणं आहेच, वाटतं.

आम्ही हसलो. म्हणजे ती हसली आधी.
मागचे ओरडले, रांग अडली, पुढे सरका.

यास्नाला सांगितलं ते नंतर, वाफ्यात, मान खाली घालून.
ती कांद्याची रोपं लावत होती, थांबली नाही.
म्हणाली, मग तुमचे तास वाढले, बस एवढंच.
आणि वही पुढे केली.
तोंडं किती?
एक, मी म्हणालो.
बायको गेल्यापासून हा आकडा
पहिल्यांदाच कुणाला मोठ्यानं सांगितला.

आता दर शनिवारी मीच मापतो.
दांडी थरथरते, स्थिरावते,
लोक काटा बघत नाहीत, माझ्याकडे बघून हसतात.
त्यानेच घाम फुटतो.
अंगठा मी मुठीत धरून ठेवतो.
त्याने कधी काही केलं नाही,
पण सांगता येत नाही.