डावा कान

अकरा वर्सं झाले, यायच्या डाव्या कानात
कोनी तरी कापूस कोंबून ठेवल्यावानी.
कधी घुंई घुंई, कधी वाहते,
उशीच्या खोयीवर पिवया डाग.

मोटारीचे मिस्त्री आमचे हे.
बोरच्या पाइपाले पाना टेकवायचा,
पान्याले कान लावायचा,
अन् सांगायचं : बेरिंग गेली, वायंडिंग चांगली हाय.
आता उजवा लावतात.
डावा फक्त चश्म्याची दांडी धरते.

लसनाचं तेल झालं. तीन रंगाचे थेंब झाले.
आर्वीचा म्हने पडद्याले भोक हाय,
हिंगनघाटचा म्हने, कुठं हाय?

मंग पुलगावले एक नवी डाक्टरीन.
बॅटरीनं कान पाह्यला, घसा पाह्यला,
अन् इचारते कशी,
"रात्री जेवता किती वाजता?"
"बाई, कान दुखते माया."
"ऐकलं मी. जेवता किती वाजता?"

काय सांगावं तिले.
थ्री फेज येते रात्री साडेबाराले,
मोटारी जयतात एकले, फोन येते दीडले.
तीनले घरी, वांग्याची भाजी,
बोटभर तर्री, दोन भाकरी,
अन् भाकरीसंग आडवे.
खायच्या सोड्याची पुडी खिशात, पान्याच्या बाजूले.

तिनं चिठ्ठीमागं चित्र काढलं.
पोट. नयी. घसा.
घशातून कानाकडे एक बारीक नयी.
"झोपलं की आंबट वर येते.
इथवर जात असंल. असंल म्हनते,
पक्कं कोनालेच ठाव नाई."

हे चित्राकडे पाह्यत रायले.
"म्हनजे फुटवाल लीक हाय."
तिले वाटलं फुटबॉल.

तवापासून डबा आठ वाजता, धुऱ्यावर.
खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन इटा.
हे रातभर घसरत जातात,
सकायी पाय बाहेर, बाजेवरून उतू गेल्यावानी.
सोड्याची पुडी तशीच हाय, दीड महिना.
कानाचं, काय सांगावं.
परवा डावीकडून हाक मारली तर मान वयली.
हाकेनं वयली, का माह्या सावलीनं?

मले इचारानं झोप नाई.
अकरा वर्सं मी डाव्या अंगाले झोपते.
जे उजव्या कानाले सांगता येत नवतं
थे सारं डाव्यात टाकलं :
भावाच्या ऑपरेशनले मोडलेली पाटली,
पोराच्या फीचं खोटं,
लग्नाचे पहिले दोन वर्सं
तुमी मले आवडत नवते, थेही.
अन् त्याच्या नंतरचंही, पन थे लाजेनं, हयूच.

भरलेल्या हिरीत गोटा टाकल्यावानी,
आवाज नाई, तरंग नाई.

काल अंधारात म्हनून पाह्यलं,
"पाटली हरवली नवती. मीच मोडली."

"अं?"

अकरा वर्सांत डाव्यानं पहिल्यांदा इचारलं.

मी म्हनलं, उद्या भाजी कायची करू?
"कायचीबी कर," म्हनले, "तर्री नोको."
अन् थोडे घसरले खाली.