रकाना सात : काच

निविदा शुक्रवारी तीनच्या आत पेटीत पडायला हवी.
आज बुधवार, रात्रीचे साडेदहा,
आणि मी अजून जिन्यावरच अडकलेय.

मडगावच्या त्या जुन्या इमारतीला
बेचाळीस पायऱ्यांचा लाकडी जिना आहे.
तक्त्यात छापलंय, 'जिना : १'.
छापणाऱ्याने कधी फडकं पिळलेलं दिसत नाही.

सोमवारी जागा पाहायला सगळे आले होते.
पणजीच्या कंपनीचा मुलगा भिंतीवर लाल ठिपका मारून
चौरस मीटर वाचत फिरला,
वीस मिनिटांत गेला.
मी चपला काढून चालले.
तळव्याला कळतं कुठे मेण, कुठे नुसती चिऱ्याची धूळ,
कुठल्या फरशीखालून ओल वर येते.
टाचेला चिकटलं ते घरी येऊन वहीत उतरवलं.

आता हिशेब.
माणसं चार : यल्लव्वा, रोझालिना, प्रेमावती,
आणि उंचावरच्या कामाला सान्तान,
प्यालेला नसेल त्या दिवशी.
किमान वेतन, फंड, विमा, फिनाइल,
हातमोजे माणशी महिन्याला दोन जोड
(यल्लव्वाच्या पेरांना भेगा पडल्यात, तिला तीन.
हे कुठे लिहू?)
चवथीला प्रेमावती नसणार, नाताळात रोझालिना,
आणि यल्लव्वा गदगला गेली
की परतायची तारीख तिची तिलाच माहीत नसते.
अर्जात विचारलंय, सेवा अखंड राहील का?
लिहिलं : होय.
म्हणजे त्या दिवशी मी.
गुडघे खर्चात धरत नाहीत.

रकाना सात. काच. चौरस मीटरला दर.

इथे पेन थांबलं.
वरच्या मजल्यावरच्या अठरा खिडक्यांत काच नाहीच.
शिंपा आहेत, तळहाताएवढ्या, सागवानी चौकटीत बसवलेल्या.
ऊन त्यांतून येतं ते पेज गाळल्यासारखं.
बाराव्या वर्षी मी भाटकाराकडे खिडक्या पुसायला होते.
चकाकी यावी म्हणून एकदा लिंबू चोळलं.
शिंपेचा पापुद्रा हातात आला.
पंधरा दिवसांचा पगार कापला गेला,
आणि आचारी पेद्रू चुलीपाशी बसून हळूच म्हणाला,
ओलं नको गे, ओलसर.

सूचना क्रमांक अकरा :
तक्त्यात टीप, फेरफार, खाडाखोड केल्यास
निविदा बाद समजली जाईल.

काचेचा दर लावला तर निळं पाणी फवारायचं,
अर्ध्या दिवसात अठराही खिडक्या.
शिंपेचा लावला तर एकेका खिडकीला पाऊण तास,
आणि बेरीज पणजीच्या मुलाच्या वर जाते.
किती वर, ते तोच जाणे.

आमचा साईश म्हणतो, आई, काच धर.
आधी काम मिळू दे, शिंपांचं मग बघू.
पोर शहाणं आहे. जीएसटी तोच भरतो.
तो झोपल्यावर मी पुन्हा मांडलं.
माझ्या नावापुढचे अडीच हजार काढले.
हातमोजे काढले.
हातमोजे परत घातले.
पहाटे पोदेराचा भोंगा वाजला तेव्हा
'काच' या छापील शब्दासमोर
शिंपेचा दर लिहून झाला होता,
पाहणाऱ्याला वाटावं, बाईचा हिशेब चुकलाय.

शुक्रवार, पावणेतीन.
प्रत्येक पानावर शिक्का : इंदुमती च्यारी, प्रोप्रायटर.
पेटीची फट अरुंद,
लिफाफा दुमडून ढकलावा लागला.
शिपाई म्हणाला, चारला उघडतील, बसा.

बसले नाही.
बेचाळीस पायऱ्या चढून
तिसऱ्या खिडकीपाशी पदराचं टोक ओठांनी ओलसर केलं
आणि एक चौकोन पुसला.

सोबत जोडलेला नाही.