एकशे सात पूर्णांक चार

शाळेमागच्या तारेच्या कुंपणात एक भांडं आहे.
त्याला आभाळ मोजता येतं,
आणि कवडू नन्नावरेला भांडं.
रोज सकाळी साडेआठला.
कोरडं असलं तरी झाकण काढून बघायचं,
'निरंक' लिहायचं, सही करायची.

गुरुवारी ते बंगालच्या उपसागरात होतं.
रेडिओवर नुसतं 'क्षेत्र' म्हणाले,
जसे सुनेला दोनच महिने झालेले असतात
आणि घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.
शुक्रवारी त्याला अंग फुटलं, गरगरायला लागलं.
अजून जरा जोर धरता तर नाव मिळतं,
यादीत पुढचं नाव तयार होतं.
पण रात्री ओडिशाचा किनारा आडवा आला.
पाणी सुटलं की वादळाचं मासोळीसारखंच,
थोडं तडफडतं.

शनिवारी छत्तीसगड.
रविवारी पहाटे वैनगंगा ओलांडून आलं
ते इतकं थकलेलं
की बांधीतला निसवलेला धान त्यानं लोळवला नाही,
भिजवला फक्त. दिवसभर, रात्रभर, एका सुरात.
मधेच उत्तरेचा वारा लिंबाच्या शेंड्यात थांबला,
काही विसरल्यासारखा,
आणि दक्षिणेकडून परत आला.
"झडी सरली वाटते जी," इमलाबाई म्हणाली.
कवडूला कळलं, मधोमध गेलं ते.
आपल्याच कवेलूंवरून.

सोमवारी काचेचं मापट
चार वेळा गळ्यापर्यंत, पाचव्यांदा बुडाशी.
पाणी कडेला चढतं, मधे खोलगट राहतं,
खालची रेघ धरायची.
एकशे सात पूर्णांक चार.
शेऱ्याचा रकाना रिकामा.
तहसीलला आकडाच लागतो.

त्याच्याआधी मायला दोन झाले होते.
एक चार दिवसांचा, एक नऊ.
बारशापर्यंत कुणी पोचलं नाही.
म्हणून हा झाला तसा सुईणीच्या ओटीत टाकला
आणि एका कवडीला विकत घेतला परत,
की यमाला वाटावं, हलका माल आहे, राहू दे.
राहिला. साठ वर्षं झाली.
माय म्हातारपणी कधी कांदा चिरता चिरता म्हणायची,
"चारच दिवसांचा, पण घर भरून रडे बापा."

मोजलेलं पाणी फेकायचं असतं.
त्यानं ते कुंपणाबाहेर सिंदीच्या बुडाशी ओतलं,
उगाच हळू.

मंगळवारी भांड्यात एक मुंगळा होता.
निरंक.