प्रश्न क्रमांक चौदा

सतरा वर्षं मी तेच प्रश्न घेऊन हा घाट चढतेय.
शब्द बदलायचे नाहीत, अशी बिश्केकची ताकीद आहे;
एक शब्द हलला की मागची सालं
पुढच्या सालांशी बोलेनाशी होतात.

घर क्रमांक एकतीस, ओढ्याच्या वर.
सायराकान-आपा चहाआधी बोटं दाखवायची,
अक्रोडाच्या हिरव्या सालीनं काळी पडलेली,
बर्फ पडेतो न उजळणारी.
"हे लिहून घे," म्हणायची, "बाकीचं विचारू नकोस."

मी विचारायचेच.
किती दिवस रानात? किती पोती?
किती विकली, किती ठेवली, किती वाटली?
वाटली म्हटलं की तिची कळी खुलायची:
विहिणीला टोपलीभर, शाळेच्या शिपायाला,
त्या तुर्सुनायला, जिची गाय दरीत गेली,
आणि तुला नाही का दिले मागच्या खेपेला, ओंजळभर?
मी स्वतःला 'इतर'मध्ये लिहिलं.

चौदावा: हे रान तुमच्या लेखी किती मोलाचं?
एक ते पाच, आकडा सांगा.
ती पाच म्हणायची, जसं कुणी आपलं नाव सांगावं.
नवव्या साली ऐन मे महिन्यात हिव पडलं, मोहोर जळाला.
पोती शून्य. मी एकावर पेन टेकवलं.
"पीक आलं नाही म्हणून आई सावत्र होते का गं?
पाच लिही."

बाराव्या साली ओसरीवर भुसा होता,
ताजा, तपकिरी, ओल्या लाकडाच्या वासाचा.
झाडांच्या गाठी रात्री कापतात, ट्रक पहाटे येतो,
इथलं शेंबडं पोरही जाणतं.
तिनं भुशावर चटई ओढली.
किती लाकूड काढलं, हा सातवा प्रश्न.
मी विचारला नाही.
शून्य लिहिलं.
चौदाव्याला ती म्हणाली, तीन.

बिश्केकात आलेख भिंतीवर लावतात.
बाराव्या सालापाशी रेघ खड्ड्यात उतरते.
नवा चश्मेवाला मुलगा दरवर्षी विचारतो, इथं काय झालं?
मी म्हणते, हिव.
हिव तर नवव्या सालचं.

यंदा दार सुनेनं उघडलं.
आपा बर्फ वितळायच्या आधीच गेली.
उमसुनायची बोटं स्वच्छ; नवरा मॉस्कोत, कुठल्याशा गोदामात,
तेल, पीठ, मुलांचे बूट, सगळं त्याच्या पैशातून.
रानात किती दिवस? दोन. तेही सरपणाला.
चौदाव्यापाशी ती अडखळली:
"सासूबाई काय सांगायच्या?"
दाखवायची मनाई आहे.
मी वही तिच्याकडे फिरवली.

ती बोट ठेवत वाचत गेली,
पोती, वसंतातल्या अळंब्या, गुलाबाची लाल फळं, गवताचे भारे,
आणि बाराव्या सालावर थांबली.
"हे चुकलंय. त्या साली आम्ही घरामागचं मोठं झाड दिलं.
ह्यांचं तिकीट त्यातूनच आलं.
सासूबाई मग त्या वाटेनं गेल्याच नाहीत कधी,
पाण्यालासुद्धा लांबून वळसा घालायच्या."

झाल्या सालाला हात लावायचा नसतो.
आम्ही पेनानं लिहितो, पेन्सिलनं नाही.
ती हातोडी शोधायला आत गेली, अक्रोड फोडायला;
फडताळात नव्हती, पलंगाखाली नव्हती,
कुणालातरी तिथून हाक मारत होती.
मी त्या शून्यावर अंगठा ठेवून बसले.
चौदावा अजून विचारायचा होता.