आत लोखंड आहे का?

तळघरात ऋतू एकच, एसीचा.
बाकी यंत्राची ठोकठोक,
तांबट आळीत कुणी झोपेत हंडा ठोकत बसावा तशी.

सकाळी साडेसातचा पहिला पेशंट पाण्याचा:
प्लास्टिकचा गोळा, आत खारं पाणी.
पुस्तकात त्याला फँटम म्हणतात, आम्ही बाळू.
बाळूला कधी काही होत नाही.
अकरा वर्षांत एकदाही त्यानं विचारलं नाही,
"ताई, काय निघालं?"
यंत्र आज खरं बोलतंय ना, एवढं त्याच्यावर बघायचं
आणि मग बाहेरचं दार उघडायचं.

दाराशी माझा प्रश्न ठरलेला:
अंगावर, अंगात, लोखंड आहे का?
बायका पिना काढतात, जोडव्यांसाठी साबण मागतात.
एकीनं मंगळसूत्र काढून दिलं डोळे मिटून,
जसं काही मीच तोडलं.
लोणीकंदचा एक पैलवान तावीज सोडेना,
म्हणाला, मशीनच बाहेर आणा की.
किल्ल्या, सुटे पैसे, चुन्याची डबी,
एकदा आख्खी कवळी.
सगळं निळ्या टोपलीत, वर नंबराची चिठ्ठी.

ज्ञानोबा ढमढेरे, सदुसष्ट, राहणार भोसरी,
चक्कर येते म्हणून आलेले.
फॉर्मवर सगळीकडे 'नाही',
मुलाच्या अक्षरात, घाईच्या.
टेबलावर झोपलेही होते,
पाय सरळ, हात पोटावर.

तेवढ्यात डॉक्टर तन्झीला शिकलगार, दुसऱ्या वर्षाच्या,
हातात चहाचा कागदी कप, दारातूनच:
काका, कामाला कुठं होता?
– फाउंड्रीत. ग्राइंडरवर. एकतीस वर्षं.
– चष्मा लावायचा?
– द्यायचे की. घामानं दिसायचं नाही त्यातून.

तिनं कप खाली ठेवला.

तिचे आजोबा कराडच्या गल्ल्यांतून
सायकलच्या चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे.
ठिणग्या पकडायला ती समोर बसायची.
(हे तिनं नंतर सांगितलं, वर, लॅबमध्ये,
जिथं मेंदूचे तुकडे मेणात निजलेले असतात
आणि फ्रीजवर लिहिलंय: इथे जेवणाचा डबा ठेवू नये.)

आधी डोळ्यांचा एक्स-रे, ती म्हणाली.

उजव्या खोबणीत पांढरा ठिपका.
तिळाएवढाही नाही. खसखस म्हणा.
चुंबकात गेले असते तर ती खसखस
जागची उठली असती आणि
कुणी काही बोललं नाही.
मी उगाच टोपलीतल्या किल्ल्या मोजल्या.
तीन.

म्हातारा फिल्म उजेडाला धरून हसायलाच लागला.
"सुटताना रोज गेटवर झडती व्हायची, ताई.
डबा उघडायचा, चपला झटकायच्या.
एक खिळा नेऊ दिला नाही कधी कंपनीनं.
आणि हे बघा."

मग त्यांचा सीटी केला.
डोक्याच्या सीटीला श्वास धरावा लागत नाही,
तरी त्यांनी धरला, काचेतून दिसत होतं.
माइकचं बटण दाबून म्हणाले, सोडा काका, सोडा.
ऐकू गेलं नसावं.

तन्झीलाच्या प्रबंधात ते आता एक ओळ आहेत.
केस एकेचाळीस, पुरुष, सदुसष्ट.
'व्यवसाय' हा रकानाच मूळ तक्त्यात नव्हता.
तिनं तो पट्टी ठेवून पेन्सिलीनं आखला
आणि आधीच्या चाळीस जणांना फोन लावत बसली.
कुणी उचलत नव्हतं, कुणाला वाटायचं बँकेतून आहे.
अठराव्याच्या बायकोनं उचलला.
म्हणाली, ते गेले की हो, मार्गशीर्षात.
जरा थांबली.
पण काम काय करायचे, ते सांगू का?

तन्झीलानं पेन्सिलीला टोक काढलं.
"सांगा."