षष्ठीचा प्रत्यय

दापोली–स्वारगेट गाडीत कंडक्टरने बाटली हलवून पाहिली:
तेल आहे का मॅडम?
म्हटलं, समुद्र आहे.
त्याने सामानाचं तिकीट फाडलं नाही.

लॉ कॉलेज रस्त्यामागे आमची प्रयोगशाळा.
खिडकीतून टेकडी, मोरांचं ओरडणं,
नळाला चार वाजेपर्यंत पाणी.
इथे मी हर्णैच्या खडकावरचा तपकिरी लेप
नायट्रिक आम्लात उकळते.
जिवंत होतं ते जळून जातं,
काच उरते.
नाव आपण काचेला देतो.

दहा मायक्रॉनमध्ये चौदा रेघा.
पुन्हा मोजल्या. चौदा.
पुस्तकातल्या एकीच्याच चौदा, पण तिची टोकं चोचीसारखी;
हिची बोथट, वापरून झिजल्यासारखी.
म्हणजे ही नवी.
म्हणजे पुण्याला नवी. तिथे ती होतीच,
गोदी पावशे कालवं फोडायला बसते त्या दगडावर.
गोदीच्या दोन्ही गुडघ्यांवर हिचे वण आहेत.
याला काय म्हणता, मी विचारलं होतं.
"घसरण. दुसरं काय म्हणायचं?"

घसरणीचं लॅटिन मला जमेना.
लेबलवर पेन्सिलीने लिहिलं, शाई फुटते म्हणून:
नॅव्हिक्युला गोदीए.
नॅव्हिक्युला म्हणजे होडुकलं.
बाईचं नाव असेल तर शेवटी ए लावायचा,
ती त्यांची षष्ठी. आपली चा, ची, चे.
गोदीची होडी.
तिला होडी नाही. नवऱ्याची होती, ती दिराकडे गेली.
ही तीस मायक्रॉन लांब, काचेची,
हिच्यावर कुणाला हक्क सांगता येणार नाही
असं मला उगीच वाटलं.

खांबेटे सरांनी चहा गार होईपर्यंत स्लाइड पाहिली.
"रेघा बरोबर. पण मधली चीर बघ, टोकाला कशी वळलीय.
ही नॅव्हिक्युला नव्हे.
ओळखू येईना ते सगळं आपण त्या एका घरात कोंबत आलो."
नियम असा की घर बदललं
तरी मागचं नाव तसंच राहतं.
मी पहिला शब्द खोडला.
होडी गेली. हीसुद्धा.

संध्याकाळी स्लाइड कपाटात ठेवताना
उरलेलं नाव मोठ्याने वाचलं, स्पेलिंगसाठी.
समुद्रापासून सहा तासांवर,
खालच्या रस्त्यावर हॉर्न वाजत असताना,
ती षष्ठी वाटलीच नाही.
वरच्या दगडावरून कुणीतरी हाक मारतंय:
गोदी, ए!
पाणी चढलं.