गुणांचा रकाना

फ्लेक्स आला तेव्हाच मी दस्तगीरला म्हटलं,
एकवीस माणसं आणि एकच कुत्रं,
तेसुद्धा जर्मन.
तो म्हणाला, मास्तर, वर्गणी माणसांनी दिलीया.

मे महिना. हुपरीच्या खालचा माळ.
वेळ सकाळी साडेसहा ते नऊ,
त्यानंतर जमीन पंजे भाजते.
आदल्या दिवशी अकराला मी स्वतः
अनवाणी चालून बघितलं, छत्री धरून,
आणि बांधावरची पोरं हसली.
टँकर दोन. घमेली चाळीस.
सावलीला नेट, ढबू मिरचीच्या शेडवरचं, उसनं.
डॉक्टर एक, सलाइनसकट.
ताशा नाही. यावरून दोन बैठका मोडल्या.

नियम मी लिहिले.
देखणेपणाला गुण नाहीत.
कान, शेपटी, उंची कुणी मोजायची नाही.
कामाचं कुत्रं असेल तरच यावं
आणि काम काय, ते मालकानं
एका ओळीत सांगावं.

आली की!
उसातनं डुकरं हुसकणारं, एका कानाचं.
हंगामभर गुऱ्हाळात रव्यांच्या उशाला झोपून
एकदाही गूळ न चाटलेलं,
असं बाळगोंडा शपथेवर म्हणाला
आणि कुणी हसलं नाही.
पोलिसांची बेला आली, हवालदार खोतांच्या डाव्या पायाला चिकटून.
पाच डब्यांतला नेमका एक तिनं नाकानं दाखवला,
मग खोतांनी खिशातनं चेंडू काढला
तशी सरकारी नोकरी विसरून मातीत लोळली.
सगळ्यात जास्त टाळ्या तिला.

साडेआठला मायाक्का आली.
मागनं तांबूस-करडं एक कुत्रं,
गळ्यात काट्यांचा पट्टा, एक काटा वाकलेला.
नाव?
नाव न्हाई, हाळी हाय.
मारून दाखवा की.
नको, म्हणाली, पलीकडं मेंढरं बसल्यात, समदी उठतील.
काम?
रातीचं.

कुत्रं टेबलाखाली गेलं आणि झोपलं.
कुणीतरी सुचवलं म्हणून एक मेंढरू आणून उभं केलं.
त्यानं एक डोळा उघडला, मोजलं असावं,
परत मिटला.
माईकवाला म्हणाला, भावांनो, हे तर रजेवर हाय!
माळ हसला.
मायाक्का हसली नाही, रागावलीही नाही,
पदरानं त्याच्यावरच्या माश्या हाकत राहिली.

मी विचारलं, मागल्या वर्षात काय केलं यानं?
कायबी झालं न्हाई, म्हणाली.
दोनशे मेंढरं, आठ म्हयनं उघड्यावर,
कोकरू एक गेलं न्हाई.
आता काय लिवायचं ते लिवा.

पेन धरून बसलो.
तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली,
आला त्याचा ह, नाही आला त्याचा ग.
पण लांडगा आला नाही
याचे गुण कुणाला द्यायचे,
आणि शंभरापैकी किती?
ऊन टेबलावर चढत होतं.
टँकरवाला घाई करत होता.

बक्षीस त्यालाच दिलं, तिन्ही परीक्षकांनी,
माझ्याकडं न बघता.
हुपरीच्या सराफानं दिलेलं चांदीचं घुंगरू, लाल गोंड्यात.
मायाक्कानं तळहातावर तोललं,
कानाशी नेऊन वाजवलं.
चांगलं हाय, म्हणाली, पर ह्याच्या गळ्यात न्हाई.
हे वाजत फिरलं तर
लांडग्याला घरचं बोलावणं.
आणि कनवटीला लावून निघाली.
कुत्रं उठलं, घमेल्यातलं पाणी सगळं प्यालं,
फ्लेक्सच्या बांबूपाशी तंगडी वर केली
आणि तिच्या मागनं गेलं.

चार दिवसांनी इंगळीकडनं येताना
रात्री गाडी पंक्चर झाली.
अंधारात वाघरातनं घुंगरू ऐकू आलं,
संथ, एखादी म्हातारी मेंढी कूस बदलेल तसं.
मी पाना हातात धरून थांबलो.
दुसरा आवाज कुठनंच नव्हता.
एक पाऊल रस्त्याखाली टाकून बघितलं,
आणि अगदी जवळनं,
मला वाटलं होतं त्याहून फार जवळनं,
कुणीतरी घशातल्या घशात
नको म्हणालं.

दस्तगीर हिशेबाला वही मागतोय.
रकाना कोराच आहे.
देतो म्हटलंय, सोमवारी.